वाचक विचारतात : संत्र्याची मार्गारिटा कडू का होते?

प्रश्न : मी घरी मार्गारिटा (टकीला आणि लिंबाचं कॉकटेल) करते. लिंबाऐवजी आपल्या संत्र्यांचा रस सकाळीच मिक्सरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवते. संध्याकाळी पेय कडवट आणि पाणचट लागतं. काय चुकतंय?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : कडवटपणा येतो तो रस ठेवल्यामुळे. नागपुरी संत्र्याच्या रसात लिमोनिन हे कडू द्रव्य हळूहळू तयार होतं. पिळताना गोड असलेला रस काही तासांत कडू होतो. त्यात मिक्सरमध्ये बिया भरडल्या गेल्या की संपलंच. फोडी सोला, बिया काढा आणि रस आयत्या वेळी हातानेच पिळा.

लिंबू मात्र वगळू नका. संत्र्यात तेवढा आंबटपणा नसतो आणि लिंबाशिवाय ती मार्गारिटा राहतच नाही. एका ग्लासाला टकीला 60 मिली, ट्रिपल सेक (संत्र्याच्या स्वादाचं गोड मद्य) 20, लिंबाचा रस 25, संत्र्याचा 30. टकीलाच्या बाटलीवर ‘100 टक्के अगावे’ (टकीला ज्यापासून बनते ती वनस्पती) लिहिलेलं बघून घ्या.

पाणचटपणाचं कारण ओला, बारीक बर्फ. फ्रीजरमधून थेट काढलेले मोठे खडे घ्या आणि शेकर बाहेरून धुरकट पांढरा होईपर्यंत, 12 ते 15 सेकंद, जोरात हलवा. मग ताज्या बर्फावर गाळा. मे महिन्यात ग्लास आणि टकीला दोन्ही आधीच फ्रीजरमध्ये ठेवा. टकीला गोठत नाही.

मीठ जाडं हवं, तेही ग्लासाच्या काठाला बाहेरूनच आणि अर्ध्याच भागाला. आत पडलं तर पेय खारट होतं.