निळा एलईडी लागत नाही? आधी हे बघ

निळा एलईडी खराब समजून फेकू नकोस. लाल आणि निळा एकाच रेझिस्टरवर समांतर जोडलेस, तर लालच पेटणार, कारण तो कमी व्होल्टेजवर लागतो आणि व्होल्टेज निळ्याला पुरेल इतकं वर चढूच देत नाही. सुरुवातीला बहुतेक जण इथेच अडकतात.

रंग वरच्या प्लॅस्टिकवरून नाही, आतल्या चिपच्या अर्धवाहकावरून ठरतो. इलेक्ट्रॉन बँडगॅप (अर्धवाहकातल्या दोन ऊर्जा-पातळ्यांमधलं अंतर) ओलांडून खाली येतो तेव्हा तेवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. गॅप जितका मोठा, तितका रंग निळ्याकडे आणि व्होल्टेजही जास्त.

सध्या एवढंच लक्षात ठेव:
- लाल: ॲल्युमिनियम-इंडियम-गॅलियम फॉस्फाइड, साधारण २ व्होल्ट.
- निळा: इंडियम-गॅलियम नायट्राइड, ३ व्होल्टच्या आसपास.
- पांढरा: बहुतेकदा निळीच चिप, वर पिवळा फॉस्फर (थोडा निळा प्रकाश शोषून पिवळा देणारा थर). बंद असताना भिंगातून बघ, पिवळा ठिपका स्पष्ट दिसतो. फार सुंदर युक्ती आहे ही!

हिरव्याला मात्र जप. जुना पोपटी गॅलियम फॉस्फाइडचा, २ व्होल्टच्या थोडं वर लागतो. झगझगीत हिरवा नायट्राइडचा, त्याला ३ च्या आसपास हवेत. डेटाशीट बघूनच जोड.

प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर दे, ५ व्होल्टवर ३३० ओहम चालेल. क्वांटम वेल (चिपमधला अतिशय पातळ थर) वगैरे नंतर बघू. आज मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून लालचा आकडा वाच, मग निळ्याचा. काही मीटर तेवढं व्होल्टेज देत नाहीत, तेव्हा निळा लागला नाही तरी घाबरू नकोस.