मगाचा कान का निखळतो?

प्रश्न : उन्हाळी शिबिरात मुलांकडून मातीचे मग करून घेतले. वाळताना निम्म्यांचे कान निखळले. काय चुकलं?
– एक कलाशिक्षिका, नागपूर

उत्तर : बाई, पोरांना रागावू नका, चूक आपल्या मे महिन्याची! ४५ अंशांत बारीक कान आधी सुकून आकसतो, भांडं ओलंच राहतं, सांधा उलणारच. दोन्ही चामड्याइतके घट्ट झाले की जोडा. जोडायच्या जागी काट्याने ओरखडे काढा, पातळ माती लावून दाबा. मग दोन दिवस प्लास्टिकखाली, कूलरच्या वाऱ्यापासून लांब. नक्षीही ओलसरपणीच कोरायची. (माझ्या वर्गात दर दुसऱ्या मगावर संत्रं असतं!) पोस्टर रंग भट्टीत टिकत नाहीत, सिरॅमिकचेच घ्या. चहा प्यायचा असेल तर आतून शिसं नसलेलं ग्लेझ (भट्टीत काचेसारखा होणारा लेप) हवंच.