जाळीचा बॉल व्हॉल्व्ह बसवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वॉशिंग मशिनच्या नळीत सारखी बारीक रेती अडकते. प्लंबर फिल्टर बॉल व्हॉल्व्ह सुचवतो. साधा व्हॉल्व्ह आहेच, त्याच्यापुढे वेगळा फिल्टर लावला तर चालणार नाही का?

चालेल. फक्त सांधे वाढतील, आणि प्रत्येक सांधा म्हणजे उद्याच्या गळतीची एक जागा. फिल्टर बॉल व्हॉल्व्हमध्ये दोन्ही कामं एकाच अंगात होतात. दांडी पाव फेरी फिरवली की पाणी बंद, टोपी उघडली की जाळी हातात.

घेताना प्रकार मात्र बघून घ्या. एका प्रकारात जाळी बॉलच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आतल्या भोकाच्या गोळ्याच्या, पोकळीतच बसते. व्हॉल्व्ह बंद केला की जाळीकडे येणारं पाणी दोन्ही बाजूंनी अडतं आणि टोपी उघडल्यावर पोकळीतलं थोडंसं पाणीच सांडतं. दुसऱ्या प्रकारात आधी बॉल आणि पुढे तिरक्या खिशात जाळी असते. ही जाळी बहुधा मोठी असते, त्यामुळे गाळ जास्त मावतो. पण बंद होते ती फक्त येणारी बाजू. पुढचा पाइप वर चढत असेल तर त्यातलं पाणी टोपीवाटे परत येणार. तुमच्याकडे रेती सारखी येते, म्हणून मी दुसरा प्रकार घेईन आणि त्याच्यापुढे एक साधा व्हॉल्व्ह ठेवीन.

प्रश्न : व्हॉल्व्हवर बाण आहे. बॉल व्हॉल्व्ह कुठूनही बसवला तरी चालतो असं ऐकलं होतं. मग बाण कशाला?

साधा बॉल व्हॉल्व्ह सहसा दोन्हीकडून चालतो, जाळीचा नाही. बाण पाणी जातं त्या दिशेलाच हवा. गंमत अशी की उलटा बसवला तरी नळाला पाणी येतं, म्हणून चूक लक्षातच येत नाही. तिरक्या खिशाच्या व्हॉल्व्हमध्ये पाणी जाळीच्या आतून बाहेर जातं आणि गाळ जाळीच्या पोटात राहतो. उलटा बसवला तर गाळ जाळीच्या बाहेर साचतो, जाळी काढली तरी तो तिथेच राहतो आणि पाणी सोडताच पुढे जातो. त्याहून वाईट म्हणजे जाळी आता बॉलच्या आधी आली. दांडी बंद करून टोपी उघडाल तर भर दाबाचं पाणी अंगावर येईल. गरम पाण्याच्या लाइनवर भाजण्याची भीती आहे. तुमच्या घरात असा व्हॉल्व्ह आधीपासून बसवलेला असेल तर टोपीला हात लावण्यापूर्वी बाण तपासाच.

आडव्या पाइपवर टोपी खाली ठेवा, म्हणजे गाळ तिथे बसतो. उभ्या पाइपवर तिरक्या खिशाचा व्हॉल्व्ह लावायचा तर पाणी वरून खाली येणाऱ्या पाइपवरच लावा. पाणी वर चढत असेल तर गाळ खिशात न थांबता मागे पडतो. तिथे शेजारचा आडवा तुकडा शोधा.

प्रश्न : सीपीव्हीसीच्या (प्लॅस्टिक पाइपच्या) लाइनवर मी स्वतः बसवू शकतो का? कोणत्या क्रमाने?

नीट बसवू शकाल. पाइप कापण्याआधी जागा ठरवा. टोपीखाली जाळी पूर्ण बाहेर येईल आणि पाना फिरेल एवढी मोकळी जागा हवी. भिंतीला चिकटवून किंवा कपाटामागे बसवलेला व्हॉल्व्ह कोणी साफ करत नाही, आणि साफ न केलेल्या जाळीपेक्षा जाळी नसलेली बरी.

मुख्य पाणी बंद करून खालचा नळ उघडा, पाइप रिकामा होऊ द्या. सरळ काप घ्या आणि कडेचा कीस काढून टाका. दोन्ही बाजूंना पितळी आट्यांचे अडॅप्टर घ्या आणि एका बाजूला युनियन (नट सोडून उघडता येणारा जोड) द्या, म्हणजे पुढे व्हॉल्व्ह बदलताना पाइप कापावा लागणार नाही. आट्यांचे सांधे आधी हातात घेऊनच आवळा, सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) नंतर. आधी चिकटवून मग आवळायला गेलात तर पिळा ताज्या सांध्यावर येतो.

टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड स्वतःकडे धरा आणि घड्याळाच्या दिशेने, ताणून गुंडाळा. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचे धागे सुटून जाळीत जातात. पाना लावायचा तो ज्या टोकाला आवळताय त्याच टोकाच्या षट्कोनावर. पलीकडच्या टोकाला धरलं तर पीळ व्हॉल्व्हच्या मधल्या सांध्यावर बसतो. आवळताना टोपी शेवटी खाली यायला हवी. ती जागा ओलांडली तर मागे फिरवू नका. टेपचा सांधा उलटा फिरला की गळतो. सोडवा, जुनी टेप खरवडा, नवी लावा.

सोल्युशन वाळायचा वेळ डब्यावर दिलेला असतो, तो पाळा. पाणी हळूहळू सोडा. काम करताना पाइपात पडलेला कीस आणि माती पहिल्याच दिवशी जाळीत येते, म्हणून थोडं पाणी वाहून गेल्यावर जाळी एकदा काढून धुवा.

प्रश्न : व्हॉल्व्ह बसवल्यापासून धार बारीक झाली. व्हॉल्व्ह खराब आहे का?

आधी दांडी बघा. पाइपला समांतर असेल तरच व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे. मग पाणी बंद करून जाळी काढा, टोपी परत लावा आणि नळ सोडून बघा. धार परत आली तर जाळी भरली आहे किंवा फार बारीक आहे. नाही आली तर दोष दुसरीकडे आहे.

पाणी वरच्या टाकीतून येत असेल तर दाब मुळातच कमी असतो. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार (बार हे दाबाचं माप), म्हणजे 3 मीटरला जेमतेम 0.3 बार. एवढ्याशा दाबाला बारीक जाळी जड जाते. रेतीसाठी 500 मायक्रॉनची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राची जाळी लावून बघा. रेती त्याहून बारीक असेल तर छिद्र लहान ठेवून व्हॉल्व्ह एक साइज मोठा घ्या. धार कमी-जास्त करायला दांडी अर्धवट ठेवू नका, बॉलच्या सीट (बॉल ज्यांवर टेकतो त्या रिंगा) झिजतात.

प्रश्न : या जाळीनंतर पाणी पिण्याजोगं होतं का?

नाही. ती गंज, रेती, कीस अडवते. जंतू, क्षार, पाण्यात विरघळलेलं काहीही तिच्यातून जातं.

प्रश्न : जाळीवर पांढरा थर बसला आहे. टाचणीने टोकरावी का?

टोकरू नका, छिद्रं मोठी होतील. तो क्षारांचा थर आहे. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. परत बसवताना टोपीची रबरी रिंग बोटाने चाचपा. चिरलेली, चपटलेली असेल तर बदला. तिला लावायला सिलिकॉन ग्रीस वापरा. पेट्रोलियमचं तेल-ग्रीस नको, ईपीडीएम जातीचं रबर त्याने फुगतं. टोपी मात्र हाताने नीट आटे धरल्याशिवाय पान्याने आवळू नका.

प्रश्न : दांडीच्या बुडातून थेंब येतात.

दांडी काढली की खाली एक नट दिसेल. त्याला पाव फेरीहून कमी द्या आणि बघा. थेंब थांबले की पुरे. जास्त आवळलं तर दांडी जड होते. आणि वापर असो-नसो, दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह एकदा बंद-उघड करत जा. क्षाराच्या पाण्यात बॉल जागच्या जागी धरतो.