मुलगी म्हणते, गुरुत्वीय लहरी शोधणार!

गोव्यातल्या साखळीहून एका आईने लिहिलंय: "लेक बारावी सायन्सला आहे. एक व्याख्यान ऐकून आल्यापासून म्हणते, जमिनीवर यंत्र बसवून कमी वारंवारितेच्या गुरुत्वीय लहरी पकडणार. इंजिनिअरिंगचं नाव काढू देत नाही. यात पोट भरेल का?"

ताई, लेकीने नेमकं अवघड दुखणं पकडलंय. गुरुत्वीय लहर म्हणजे कृष्णविवरांसारख्या जड वस्तू एकमेकींभोवती फिरताना अवकाशात उठणारा तरंग. टांगलेल्या आरशांमधलं अंतर लेझरने मोजून तो पकडणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो या यंत्राने 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर टिपली. पण त्याला साधारण 10 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 10 कंपनांच्या, वरचंच नीट ऐकू येतं. कृष्णविवरं जितकी जड, तितका त्यांचा सूर खालचा. सूर्याच्या काही हजारपट वजनाच्या कृष्णविवरांच्या जोड्या त्यामुळे निसटतात.

अडचण कुठली, ते घरीच बघा. सोललेला नारळ मीटरभर दोरीला बांधा आणि दोरीचं टोक हातात धरा. हात भराभर हलवला तर नारळ जवळपास जागीच राहतो. सावकाश इकडून तिकडे नेला की मुकाट्याने हाताबरोबर निघतो. लायगोचे 40 किलोचे आरसे असेच टांगलेत, चार टप्प्यांच्या लंबकावर. जलद कंपनं अडतात, संथ हेलकावा मात्र आरशापर्यंत पोचतो. काही सेकंदांच्या लयीची ती संथ थरथर मुख्यतः समुद्राच्या लाटांची. पावसाळ्यात पेडण्यातल्या केरीला दर्या खवळतो तेव्हा साखळीत तुमच्या घराखालची जमीनही न जाणवता डुलत असते.

टांगणी कितीही सुधारली तरी आणखी एक पेच उरतो. जमिनीतून कंपन जाताना माती-दगड किंचित दाबले जातात, त्यांचं गुरुत्वाकर्षण बदलतं आणि ते थेट आरशाला ओढतं. याला आडोसा नाही. म्हणून जपानने आपलं लायगोसारखं यंत्र, काग्रा, डोंगराच्या पोटात बांधलं. युरोपातल्या आइन्स्टाइन टेलिस्कोप या नियोजित यंत्रालाही जमिनीखाली जाऊन 3 हर्ट्झपर्यंत उतरायचंय. अमेरिकेत फर्मीलॅब या प्रयोगशाळेत 100 मीटरच्या उभ्या विहिरीत पडत्या अणूंवर मोजमाप करायची तयारी चालली आहे.

आता पोटाचं. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीच्या सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात. पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी उजाडते, हे मात्र आजच मनाशी धरा. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया व्हायचंय. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने सुमारे 2,600 कोटी मंजूर केले. तेही 10 हर्ट्झच्या वरचंच ऐकणार, पण व्हॅक्युम, लेझर, टांगणी यांवर हात बसायला ती चांगली जागा ठरेल. हे हात उद्योगातही चालतात, म्हणून मला तिची फार काळजी वाटत नाही.

आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यायला लावा. गोव्यातच ठेवायची असेल तर इथल्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी, मग गोवा विद्यापीठात एमएस्सी. तीही चांगली वाट आहे. झुआरीनगरच्या बिट्समध्ये फिजिक्सची एमएस्सी आणि इंजिनिअरिंग एकत्र करता येतं, फक्त फी जड आहे. मन मारून नुसत्या इंजिनिअरिंगला मात्र घालू नका.

आणि तिला एकदा निवांत विचारा: टांगणी बांधायला जास्त आवडेल, की संगणकावर बसून नोंदी चाळायला? त्यावर कॉलेज ठरेल. ती काय म्हणाली ते मला कळवा.