नवीन सागवानी डायनिंग टेबलला कोणतं पॉलिश करावं: फ्रेंच, मेलामाइन की पीयू?

आधी उत्तर देऊन टाकतो, पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. जेवायचं टेबल आहे ना? पीयू करा, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मॅट. हे लिहिताना माझा हात जरा आखडतोय, कारण याच पीयूपायी मी आणि माझा थोरला भाऊ दोन दिवाळ्या एकमेकांकडे फराळाला गेलो नव्हतो.

शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडला तेव्हा आजोबांचा झोपाळा दादाच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये गेला. पितळी कड्या, अखंड सागवानी पाट. आजोबा दर तीन-चार वर्षांनी दसऱ्याच्या सुमारास त्याला स्वतः पॉलिश करायचे. बोहरी आळीतून चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, आणायचा (फ्रेंच पॉलिश म्हणतात ते याचंच), लिटरभर स्पिरिटला दीडशे-दोनशे ग्रॅम या हिशोबाने रात्री भिजत घालायचा, सकाळी गाळून घ्यायचा. मग कापसाचा बोळा मलमलच्या फडक्यात बांधून हात मारायला बसायचे. एक हात, वाळू दे, पुन्हा एक हात. आम्हाला फक्त बघायची परवानगी. आणि एरवी आजी येता-जाता खोबरेल तेलाचं बोट फिरवायची, ते वेगळंच.

दादाची वास्तुशांत होती जुलैत. झोपाळा ‘नव्यासारखा’ दिसायला हवा होता, तोही दोन दिवसांत. पॉलिशवाल्याने वरवर पॉलिश पेपर मारला आणि जुन्या चपड्यावरच पीयू चढवलं. वास्तुशांतीला झोपाळा असा चकाकत होता की लॉजच्या काउंटरची आठवण यावी. मी म्हणालो, हे टिकणार नाही. दादा म्हणाला, तुला कुणाचं चांगलं बघवत नाही.

गणपतीत पुतणी झोपाळ्यावरून उठली तर तिच्या ड्रेसला पापुद्रा चिकटलेला. मी नखाने कड उचलली, उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी वीतभर पट्टी हातात आली. चपड्यात मुळात मेण असतं, ते काढून टाकलेला वेगळा मिळतो. त्यात आजीचं तेल. पीयूने धरायचं कशाला? दादा आजही म्हणतो, पॉलिशवाल्याने नीट घासलं नाही. अरे, चाळीस वर्षांचं तेल दोन दिवसांत कोण घासून काढेल?

शेवटी झोपाळा मी माझ्याकडे आणला. पीयू स्पिरिटने विरघळत नाही, म्हणून तीन रविवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून काचेच्या तुकड्याने खरवडलं. सेक्रेटरी दोनदा येऊन भुसा बघून गेले. मग थिनरने पुसलं. १२०, १८०, २२० नंबरचा पेपर, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. पाटाच्या खालच्या बाजूला कडीपाशी कर्कटकाने कोरलेलं दादाचं नाव सापडलं. १९८१ साली या नावापायी मार मी खाल्ला होता, कारण दादाने शपथेवर सांगितलं होतं की ते मी कोरलंय. अक्षर त्याचंच आहे. तेवढा भाग घासला नाही. फोटो काढून त्याला पाठवला, त्यावर अंगठा आला.

आता झोपाळ्याला पुन्हा चपडाच आहे. त्याचा मोठा गुण हा की ओरखडा आला तर तेवढ्याच जागी हात मारता येतो, नवा थर जुन्यात विरघळतो. पीयूचं तसं नाही, पूर्ण फळी घासावी लागते. पण टेबलाला चपडा नको. लाक्षागृहाची गोष्ट ठाऊक आहे ना? तीच ही लाख. गरम कुकर ठेवलात की पॉलिश मऊ पडतं, ओला पेला ठेवलात की पांढरं वर्तुळ उठतं. मेलामाइन पीयूपेक्षा स्वस्त पडतं, कडकही होतं, पण त्याच्या वासाने पहिले काही दिवस डोळे चुरचुरतात. मी करणार नाही.

टेबल नवीन आहे म्हणता, म्हणजे माझी भानगड तुमच्याकडे नाही. तरी सागवान अंगचंच तेलकट, पीयूआधी थिनरने पुसून घ्यायला लावा. आणि ते खरंच सागवानच आहे ना? बऱ्याचदा प्लायवर सागाचं विनिअर, म्हणजे पातळ पापुद्रा, चिकटवलेलं असतं. तसं असेल तर पेपर जपून, एकदा खालचा प्लाय दिसला की संपलं. टेबलाच्या खालूनही हात मारायला सांगा, एकाच बाजूने बंद केलेली फळी पावसाळ्यात वाकते. पॉलिशवाले हे टाळतात, कारण खाली कुणी बघत नाही. काम झाल्यावर आठवडाभर टेबलावर गरम काही ठेवू नका, नंतरही खाली काहीतरी असू दे.

ज्यांना जुन्या फर्निचरवर आधी काय आहे तेच माहीत नाही, त्यांनी दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा घासावा. चिकट झालं तर चपडा. नाही झालं तर थिनर लावा, त्याने विरघळलं तर लॅकर (नाव लाखेसारखं, पण हे पॉलिश वेगळं). दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू. दादाच्या पॉलिशवाल्याला यासाठी दोन मिनिटं लागली असती.

आणि पीयूच काय, चपडाही पावसाळ्यात करू नका. हवा दमट असली की चपडा पांढुरका पडतो. दसऱ्यापर्यंत थांबा, तोवर टेबलावर जुनी चादर घाला. कुणी जवसाच्या तेलाचा सल्ला देईल, ते वाईट नाही, पण त्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.