वाचकांचे प्रश्न : महामार्गाचे काम आणि पंचगंगा ओलांडण्याच्या वाटा

पुणे–बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गाच्या, म्हणजे आपल्या तोंडी अजूनही ‘एनएच फोर’ असलेल्या आणि कागदोपत्री ४८ क्रमांक मिळालेल्या रस्त्याच्या, सातारा ते कागल टप्प्याचे सहापदरीकरण सुरू झाल्यापासून या सदराच्या टपालात दुसरा विषय फारसा येईनासा झाला आहे. सुमारे १३० किलोमीटरच्या या टप्प्यात जुने पूल रुंद करणे, नवे पूल व उड्डाणपूल उभारणे आणि सेवारस्ते करणे अशी कामे असल्यामुळे रोज ये-जा करणाऱ्यांची जी ओढाताण चालली आहे, तिच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी पेठ वडगावहून रोज दुचाकीने कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीत नोकरीला येतो. शिरोली ते तावडे हॉटेल या पट्ट्यात केव्हा अडकेन याचा भरवसा उरलेला नाही. शहरात शिरण्यासाठी दुसरा खात्रीचा रस्ता कोणता?
– एक वाचक, पेठ वडगाव

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘खात्रीचा’ हा शब्द तेवढा बाजूला ठेवावा लागेल. उत्तरेकडून कोल्हापुरात येणाऱ्याला पंचगंगा ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही, आणि नदी ओलांडण्याच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. महामार्गावरील पूल सोडला, तर शिये–कसबा बावडा रस्त्यावरील पूल, राजाराम बंधारा आणि रत्नागिरी रस्त्यावरचा शिवाजी पूल, एवढाच हिशेब उरतो. त्यामुळे ‘कोणता रस्ता’ असे विचारण्याऐवजी ‘कोणत्या महिन्यात कोणता रस्ता’ असे विचारणे अधिक योग्य.

आपले कार्यालय नागाळा पार्ककडील बाजूस असल्यामुळे महामार्ग शिये फाट्यावर सोडून शियेमार्गे कसबा बावड्यात उतरणे हा आपल्यासाठी सर्वांत सरळ पर्याय आहे. सांगली फाटा, महामार्गावरील पूल आणि तावडे हॉटेलचा चौक ही तिन्ही कोंडीची ठिकाणे त्यामुळे टळतात. मात्र या वाटेला दोन अडचणी आहेत. पहिली सर्वांना ठाऊक आहे : नदी पात्राबाहेर पडली की हा रस्ता महामार्गाच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो. दुसरी अडचण पत्रांतून फारशी कोणी मांडत नाही, पण ती आम्हांला अधिक मोठी वाटते. पुलांची कामे जोरात चालतात ती पाऊस उघडल्यानंतर, साधारण नोव्हेंबरपासून, आणि नेमका त्याच वेळी उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. बावड्यातच साखर कारखाना असल्यामुळे महामार्ग सर्वांत जास्त तुंबण्याचे महिने आणि शिये–बावडा रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागण्याचे महिने हे एकच असतात. मागच्या ट्रॉलीला परावर्तक नाही, बाहेर आलेले उसाचे शेंडे थेट दुचाकीस्वाराच्या चेहऱ्याच्या उंचीवर, आणि समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर, हे दृश्य संध्याकाळी सातच्या सुमारास या रस्त्यावर ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. म्हणून सकाळी जाताना हा रस्ता अवश्य धरावा. हंगामात अंधार पडल्यावर परतताना मात्र कोंडी सोसूनही महामार्गच धरावा, असे आमचे मत आहे.

राजाराम बंधाऱ्यावरून दुचाक्या जातात हे खरे, परंतु पाणी अडवण्यासाठी बांधलेला बंधारा हा पूल नव्हे. तो पावसाळ्यात सर्वांत आधी बुडतो, आणि त्याला पर्यायी मार्गांच्या यादीत धरण्याची आमची तयारी नाही.

राहता राहिला शिवाजी पूल. वाठारहून तळसंदे, वारणानगर, कोडोली, बोरपाडळे, वाघबीळ आणि केर्लीमार्गे या पुलावर येता येते. पण हा वळसा रोजच्या नोकरदाराच्या उपयोगाचा नाही. महामार्गावर मोठा अपघात होऊन वाहतूक तासन् तास ठप्प झाली, तर चारचाकीवाल्याने तो लक्षात ठेवावा. चैत्र पौर्णिमेच्या आसपास जोतिबाच्या यात्रेमुळे तिकडे फिरकूच नये, आणि पावसाळ्यात केर्लीजवळ रस्त्यावर पाणी येते हेही विसरू नये.

प्रश्न : पुलाचे खांब उभे राहून वर्ष उलटले, तरी वरचा भाग होत नाही. मध्येच महिना महिना एकही कामगार दिसत नाही. हा निव्वळ ढिसाळपणा नव्हे काय?
– एक निवृत्त शिक्षक, टोप

उत्तर : ढिसाळपणा अजिबात नाही असे प्रमाणपत्र आम्ही देणार नाही, तथापि कामगार न दिसणे हा नेहमीच त्याचा पुरावा नसतो. नदीपात्रातील पायाचे काम जून ते ऑक्टोबर या काळात करता येत नाही, म्हणजे वर्षातील जेमतेम सात महिने हाती राहतात. त्यानंतर काँक्रीटचा स्वतःचा वेळ असतो. प्रत्येक वेळी काँक्रीट ओतताना त्यातूनच १५ सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून बाजूला ठेवले जातात, ते पाण्यात मुरवले जातात, आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडले जातात. काँक्रीटची अपेक्षित ताकद २८ दिवसांच्या चाचणीवर ठरते. लांब गाळ्यांच्या गर्डरमध्ये, म्हणजे पुलाच्या तुळईत, पोलादी केबल ताणून बसवायच्या असतात, आणि त्याही काँक्रीटने ठरावीक ताकद धरल्याखेरीज ताणता येत नाहीत. म्हणजे ओल्या गोणपाटाखाली झाकलेला आणि बेवारशी वाटणारा गर्डर त्या वेळी खरे तर कामावरच असतो.

मात्र हाच युक्तिवाद सेवारस्त्याला लागू पडत नाही. मुख्य रस्ता उकरण्यापूर्वी बाजूचा रस्ता वाहतूक पेलेल इतका पक्का करून घेण्यासाठी २८ दिवसांची चाचणी लागत नाही, दूरदृष्टी लागते. आपला संताप तेथे शंभर टक्के रास्त आहे.

प्रश्न : इचलकरंजीहून गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. हातकणंगले, शिरोलीमार्गे उशीर होऊन दोनदा खाडा पडला. काय करावे?
– एक कामगार, इचलकरंजी

उत्तर : आपण शिरोलीला जाताच कशाला? इचलकरंजीतच नदी ओलांडून हुपरीच्या बाजूला यावे आणि तेथून गोकुळ शिरगाव गाठावे. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत जाणाऱ्यांनाही हाच रस्ता सोयीचा आहे. कोल्हापूर शहरातच यायचे असेल, तर पट्टणकोडोली, वसगडे, गडमुडशिंगी असे येता येते. रस्ता अरुंद आहे, पण तो अडकवून ठेवत नाही. पुराच्या दिवसांत इचलकरंजीचा पूल वाहतुकीस बंद होतो, तेव्हा मात्र या सल्ल्याचा उपयोग नाही.

प्रश्न : कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आठवड्यातून चार दिवस जयसिंगपूरहून यावे लागते. गाडी चालवून जीव मेटाकुटीला येतो. एसटी बरी की रेल्वे?
– एक महिला वकील, जयसिंगपूर

उत्तर : १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झाले आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातूनही पक्षकार व वकील कोल्हापूरकडे येऊ लागले. म्हणजे रस्ता उकरलेला असतानाच त्यावरचा भारही वाढला. अशा वेळी जयसिंगपूरकरांच्या हातात जी गोष्ट आहे, ती पेठ वडगावच्या वाचकाच्या हातात नाही : रेल्वे.

मिरज ते कोल्हापूर हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आतले. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे ही स्थानके वाटेत लागतात आणि गाडी थेट शहराच्या मध्यभागी, मध्यवर्ती बस स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आणून सोडते. तेथून भाऊसिंगजी रस्त्यावरील न्यायालयापर्यंत केएमटी, म्हणजे महापालिकेची शहर बस, किंवा रिक्षा आहे. मासिक पास काढल्यास खर्चही एसटीच्या निम्म्याहून कमी पडावा, परंतु हा पास आरक्षित डब्यांत चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. रेल्वेची खोड एवढीच, की हा मार्ग एकेरी असल्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत आपली गाडी एखाद्या स्थानकावर उभी राहते. त्यामुळे सुनावणी पहिल्या क्रमांकावर असेल त्या दिवशी एक गाडी आधीची धरावी.

एसटीचा फायदा फेऱ्यांचा आहे. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे, आणि आपल्या सासूबाई अथवा आई ७५ वर्षांवरील असतील तर त्यांचा प्रवास मोफतच होतो. मात्र एसटीही सांगली फाट्यावरच्या त्याच रांगेत उभी राहते, हे तिकीट अर्धे झाल्याने बदलत नाही. आमची शिफारस सकाळी रेल्वे आणि परतताना जे आधी मिळेल ते, अशी आहे.

प्रश्न : आमची शेती शिरोलीच्या हद्दीत नदीकाठी आहे. महामार्ग उंच केला तर तो पुरात बुडणार नाही असे अधिकारी सांगतात. आम्ही मात्र भराव नको, पिलर हवेत असे म्हणतो. आम्ही विकासाच्या आड येतो, असे आम्हांला ऐकावे लागते. यात नेमके बरोबर काय?
– एक शेतकरी, शिरोली

उत्तर : या वेळच्या पत्रांतील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण कामाची गैरसोय दोन-तीन वर्षांत सरेल, पण रस्ता कशावर उभा राहिला याचे परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोचतील.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत एकत्र येतात, आणि तेथून पुढे एकट्या पंचगंगेला ते सर्व पाणी वाहून न्यावे लागते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर. दोन्ही वेळा महामार्ग बंद पडला, ट्रकांच्या रांगा लागल्या, शहरात दूध, भाजी आणि पेट्रोलची टंचाई झाली.

एवढा पूर केवळ पात्रातून वाहत नाही, तो दोन्ही काठांच्या शेतांवरून पसरून वाहतो. पुलाची लांबी पात्रापुरतीच ठेवली आणि दोन्ही बाजूंना मातीचा उंच भराव घातला, तर रस्ता कोरडा राहील, पण तो भराव पुराच्या वाटेत आडव्या बांधासारखा उभा राहील. पाण्याला फक्त पुलाच्या गाळ्यांतून जावे लागेल, आणि वरच्या अंगाला, म्हणजे शहराच्या व गावांच्या बाजूला, फुगवटा वाढेल. भरावात ठिकठिकाणी मोऱ्या ठेवल्या जातात हे मान्य. परंतु मोरी पहिल्याच लोंढ्यात झाडझुडूप, उसाची मुळकांडे आणि प्लास्टिकने तुंबते, हे आपण शेतकरी कोणाही अभियंत्याइतकेच जाणता. खांबांवरील रस्ता खर्चिक असतो, पण खालून पाणी आडवे-तिडवे जाऊ शकते. त्यामुळे नदीच्या पूरक्षेत्रात भरावाऐवजी खांबांवरचा मार्ग ही आपली मागणी विकासाच्या आड येणारी नसून रस्ता आणि गाव या दोहोंच्या हिताची आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. शिरोलीकडून शहरात शिरण्यासाठीच्या ज्या बास्केट ब्रिजचे भूमिपूजन २०२३ मध्ये झाले, त्याचाही विचार याच कसोटीवर व्हावा : पुलावर पाणी येणार नाही एवढे पुरेसे नाही, पुलाखालून पाणी जाईल का, हे विचारायला हवे.

आपण हरकत नोंदवताना ‘भराव नको’ एवढेच न लिहिता २०१९ व २०२१ मध्ये आपल्या गटात पाणी कोठवर आले, किती दिवस राहिले आणि कोणत्या दिशेने ओसरले, ते खुणांसह लिहावे. विहिरीच्या कठड्यावर किंवा घराच्या भिंतीवर पाण्याची रेषा अजून असेल, तर तिचे मोजपट्टीसह छायाचित्र जोडावे.

प्रश्न : रस्ता उकरलेला, वेग ताशी तीस, आणि टोल मात्र चालूच. हा कुठला न्याय?
– अनेक वाचक

उत्तर : केरळमधील पलियेक्करा नाक्यावरील टोलवसुली रस्त्याच्या दुरवस्थेमुळे तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्थगित केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला, ही बाब आपल्या बाजूची आहे. मात्र तो आदेश त्या नाक्यापुरता होता, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील वसुली पुन्हा सुरू करण्यास परवानगीही मिळाली. आपल्या महामार्गावरील किणी टोलनाक्यावर तो दाखवून फाटक उघडणार नाही. तूर्त, नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी खासगी वाहनासाठी स्थानिक मासिक पास काढावा. लांबच्या प्रवाशांनी एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोवर चालणारा फास्टॅगचा वार्षिक पास (२०२५ मध्ये तो तीन हजार रुपयांत सुरू झाला) घ्यावा.

प्रश्न : रात्री वळण रस्त्याचा फलक न दिसल्याने माझा मुलगा स्कूटरवरून पडला. तक्रार कोठे करावी?
– एक पालक, नागाव

उत्तर : चिरंजीव आता बरे असतील अशी आशा आहे. प्रस्तुत लेखकही मागील हिवाळ्यात अशाच एका वळणावर, विझलेल्या दिव्याच्या आणि आडव्या पडलेल्या पत्र्याच्या कृपेने, गुडघा फोडून घेऊन आला आहे. काम चालू असलेल्या ठिकाणी सूचना कोठून द्यायची, वाहतूक कशी वळवायची आणि रात्री परावर्तक कसे लावायचे, याची इंडियन रोड्स काँग्रेसची ‘एसपी ५५’ ही मार्गदर्शिका आहे. तिच्यानुसार इशारा खड्ड्याच्या काठावर नव्हे, बराच आधी मिळाला पाहिजे.

महामार्ग प्राधिकरणाची १०३३ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. तिच्यावर फोन करून तक्रार क्रमांक मागून घ्यावा. ‘राजमार्गयात्रा’ या मोबाइल अ‍ॅपवर छायाचित्रासह तक्रार करता येते. छायाचित्र दिवसा काढू नये. ज्या वेळी अपघात झाला त्याच वेळी, दोघांनी मिळून, रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहून काढावे आणि जवळचा किलोमीटरचा दगड चौकटीत येईल असे पाहावे, कारण ‘नागावजवळ’ एवढ्या पत्त्यावर कोणीही येत नाही.