तुकोबांचं चरित्र संस्कृतात लिहिणाऱ्या टेनिसपटू क्षमाबाई

प्रश्न : आजोबांच्या जुन्या ट्रंकेत ‘तुकारामचरितम्’ नावाचं संस्कृत पुस्तक सापडलं. लेखिका पंडिता क्षमा राव. आमच्या सूनबाई म्हणतात, विम्बल्डनला खेळलेल्या लीला राव यांची ही आई, आणि आई स्वतःही टेनिस खेळायची. मला वाटतं, नावसारखेपणामुळे घोटाळा झाला असावा. खुलासा कराल का? — एक निवृत्त ग्रामसेवक, तासगाव

उत्तर : काका, सूनबाईंचं बरोबर आहे. ते पुस्तक कुणालाही देऊन टाकू नका.

क्षमाबाईंचा जन्म १८९० मधला. वडील शंकर पांडुरंग पंडित म्हणजे मोठा माणूस. सायणभाष्यासह, म्हणजे सायणाचार्यांच्या टीकेसह, अथर्ववेदाचं संपादन त्यांचं. तुकारामबोवांची ‘इंदुप्रकाश’ छापखान्याची गाथा आपण ऐकून असतो, तिच्या पहिल्या खंडाचं साल १८६९. त्या कामातही शंकररावांचा हात होता. १८९४ मध्ये ते गेले, तेव्हा क्षमा चार वर्षांचीही नव्हती. अथर्ववेदाचे खंड छापून आले ते त्यांच्यामागे. पुढे नातेवाइकांच्या घरी, ओढगस्तीत दिवस गेले.

या मुलीने मोठेपणी संस्कृतात वडिलांचं चरित्र लिहिलं, ‘शंकरजीवनाख्यानम्’. ज्यांचा चेहराही नीट आठवत नसेल त्यांचं! ज्या तुकोबांच्या गाथेवर वडिलांनी मेहनत घेतली, त्यांचं चरित्रही तिनेच श्लोकबद्ध केलं. तुमच्या ट्रंकेतलं पुस्तक ते हेच. ते उघडताना एवढं ध्यानात असू द्या. माझ्या तर अंगावर काटा येतो.

लग्न मुंबईच्या डॉ. राघवेंद्र राव यांच्याशी झालं. संसारात पडल्यावर त्यांनी संस्कृताचा व्यासंग वाढवला, आणि टेनिसही. स्पर्धेच्या कोर्टावर उतरलेल्या आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या बायकांत त्यांची गणना होते. गांधीजींच्या चळवळीवर त्यांनी ‘सत्याग्रहगीता’ लिहिली. अठरा अध्याय, अनुष्टुभ छंदात. इंग्रजांच्या राज्यात इथे कोण छापणार? १९३२ मध्ये ती पॅरिसला छापली गेली.

अनुष्टुभ सोपा वाटतो, म्हणूनच फसवतो. चरणात अक्षरं आठ. पाचवं लघु, सहावं गुरू. सातवं पहिल्या-तिसऱ्या चरणात गुरू, दुसऱ्या-चौथ्यात लघु. बाकी मोकळीक. मी स्वतः चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं आणि गुडघे चालले तोवर टेनिस खेळले. कोर्ट मिळायचं नाही तेव्हा शाळेच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत श्लोक म्हणायचे. पाचव्या अक्षराला चेंडू भिंतीला लागायचा आणि सहाव्याला परत रॅकेटवर, असा मेळ बसला की अर्धा-अर्धा तास हात चुकत नसे. क्षमाबाई असं करत होत्या असा माझा दावा नाही. पण अठरा अध्याय रचणाऱ्या बाईला कोर्टावर लय सापडायला अडचण आली नसावी, एवढं मी अनुभवाने सांगते.

पुस्तकात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. डांबरगोळ्या नकोत, वासाने पुढचा वाचक पुस्तक लांब ठेवतो.

प्रश्न : लेक दहावीत आहे, टेनिस खेळते. संस्कृतात पैकीच्या पैकी मिळवते. सगळे म्हणतात, ‘एक काहीतरी धर.’ तुम्ही मागे लीला राव यांचा उल्लेख केला होता. त्यांनी खरंच दोन्ही केलं, की लोक वाढवून सांगतात? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, वाढवून नाही, उलट कमीच सांगतात. खेळावर लिहिणारे लीलाताईंच्या विम्बल्डनवर थांबतात, संस्कृतवाले आईच्या ग्रंथांवर. मायलेकी दोन वेगळ्या कपाटांत जाऊन बसल्या आहेत.

१९३४ चं विम्बल्डन घ्या. पहिल्या फेरीत समोर ब्रिटनची ग्लॅडिस साउथवेल. गुणफलक ४-६, १०-८, ६-२. हे आकडे लेकीला वाचून दाखवा. तेव्हा टायब्रेक नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालायचा. पहिला सेट गमावलेला, परकं गवत, आणि दुसऱ्या सेटमध्ये एकामागून एक अठरा गेम. तो सेट गेला असता तर खेळ खलास होता. तो त्यांनी काढला, आणि मग तिसरा पटकन संपवला. विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ती हीच. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफने हरवलं. देशातलं अजिंक्यपद मात्र त्यांनी अनेकदा जिंकलं.

आणि अभ्यास? आईने घरीच शिकवलं. पुढे नृत्याचा व्यासंग केला, १९४८ मध्ये भरतनाट्यमवर ‘नृत्तमंजरी’ हा सचित्र ग्रंथ काढला. आईच्या कथांवरून संस्कृत नाटकं रचली. आजोबांचं चरित्र आईने लिहिलं, आईच्या कथा मुलीने रंगमंचावर नेल्या. त्या घरात माणसं गेली तरी त्यांचं काम कुणीतरी उचलून धरायचं.

एक गोष्ट लपवणार नाही. डॉक्टरांचं घर, परदेशवारीची ऐपत, शाळेचं वेळापत्रक नाही. तुमच्या लेकीला क्लास आहे, पूर्वपरीक्षा आहे, अकादमीची फी आहे. तेव्हा ‘लीलाताईंना जमलं, तुला का नाही?’ असं तिला चुकूनही म्हणू नका.

पण ‘एक काहीतरी धर’ हेही म्हणू नका. अकरावीत आमच्या एका सरांनी माझी रॅकेट काढून घेऊन कपाटात टाकली, ‘परीक्षा झाल्यावर ने.’ लाकडी रॅकेट, चार स्क्रूंच्या चौकटीत आवळून ठेवावी लागे. सरांनी ती चौकटीबाहेर तशीच टाकली. पावसाळ्यानंतर हातात आली तेव्हा डोकं वाकडं झालं होतं, तारा ढिल्या. मार्क काही वाढले नव्हते. त्या चार महिन्यांत मी अभ्यासाला बसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

लेकीला वर्षभर स्पर्धा कमी खेळू द्या, प्रवास वाचेल. सराव मात्र बंद नको. रोज पाऊण तास, भिंतीवर का होईना. सुभाषितं पाठ असतीलच तिची. चेंडूबरोबर म्हणून बघायला सांगा, आणि कुठल्या अक्षराला चेंडू परत येतो ते मला कळवा.

प्रश्न : लीला ‘रो’ की ‘राव’? — एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : राव. ‘Row’ हे इंग्रजी स्पेलिंग वाचून मराठीत ‘रो’ छापलं जातं. कुठे दिसलं तर संपादकांना पत्र टाका, मीही टाकते.